अफगाणिस्तानची उभारणी आणि भारताची मदत : धरण, रस्ता, बिस्किटं आणि शिष्यवृत्ती

पुण्यात अफगाण म्हटलं की लोकांना आधी पानिपत आठवतं. आमच्या कसबा पेठेतून तर शनिवारवाडा हाकेच्या अंतरावर, त्यामुळे १७६१ चा विषय शाळेत दरवर्षी निघतोच. पण याच शहरात गेली वीसेक वर्षं शेकडो अफगाण मुलं-मुली कॉलेजात शिकून गेली, त्यातल्या अनेकांची फी आपल्या सरकारने भरली, ही गोष्ट फार थोड्या घरांत माहीत आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये तालिबान सरकारचे परराष्ट्रमंत्री अमीर खान मुत्तकी दिल्लीला आणि देवबंदला येऊन गेले, तेव्हा "भारत तिथे नेमकं करतो काय?" असा प्रश्न आम्हाला पालकांनी विचारला. उत्तर दोन वाक्यांत देता येत नाही, म्हणून सगळी माहिती इथे एकत्र मांडतो आहोत.

युद्ध किती लांबलं

एप्रिल १९७८ मध्ये काबूलमध्ये सत्तापालट झाला. डिसेंबर १९७९ ला सोव्हिएत फौजा आल्या आणि फेब्रुवारी १९८९ ला परत गेल्या. त्यानंतर आपसातली लढाई सुरू झाली. १९९२ ते १९९६ या चार वर्षांत मुजाहिदीन गटांनी एकमेकांवर डागलेल्या रॉकेटांनी काबूल शहराचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला. सप्टेंबर १९९६ ला तालिबान काबूलमध्ये आले, २००१ च्या अखेरीस गेले आणि १५ ऑगस्ट २०२१ ला परत आले. १९७८ साली जन्मलेल्या माणसाने तिशी गाठेपर्यंत सलग दहा वर्षंही शांतता पाहिली नाही.

डिसेंबर २००१ मध्ये जर्मनीतल्या बॉन शहरात अंतरिम सरकारचा करार झाला. जानेवारी २००२ मध्ये टोकियोच्या परिषदेत अनेक देशांनी मिळून साडेचार अब्ज डॉलरची आश्वासनं दिली. त्याच वर्षी जागतिक बँकेच्या देखरेखीखाली अफगाणिस्तान पुनर्बांधणी निधी उघडला. प्रत्येक देशाने आपापला प्रकल्प वेगळा चालवण्याऐवजी पैसे एका पेटीत टाकायचे आणि त्यातून शिक्षकांचे, नर्सेसचे पगार, शाळा, रस्ते करायचे, अशी ती सोय. व्यवहारात बरीच रक्कम या पेटीबाहेरूनच खर्च झाली. ठेकेदारांच्या साखळ्या लागल्या, भ्रष्टाचारही झाला.

एक योजना मात्र आम्हाला शिक्षक म्हणून आवडते. २००३ साली राष्ट्रीय एकता कार्यक्रम सुरू झाला. गावाने मतदान करून आपली परिषद निवडायची, गावात किती कुटुंबं आहेत त्याप्रमाणे अनुदान यायचं आणि विहीर करायची की पूल, हे गावानेच ठरवायचं. आपल्याकडच्या ग्रामसभेची बहीणच म्हणा ना. देशभर तीस हजारांहून जास्त गावांत अशा परिषदा झाल्या. पुढे लोक म्हणू लागले की स्वतः निवडलेल्या कामाची राखण गाव स्वतः करतं. कोणत्याही मोहल्ला कमिटीला हे पटेल.

भारताचा वाटा

या वीस वर्षांत भारताने सुमारे तीन अब्ज डॉलर देऊ केले. सरकारी आकडेवारीप्रमाणे देशाच्या सर्व ३४ प्रांतांत मिळून चारशेहून अधिक लहान-मोठी कामं झाली. त्यातलं सर्वांत नावाजलेलं काम म्हणजे सलमा धरण.

हे धरण हेरात प्रांतात हरीरूद नदीवर, चिश्त-ए-शरीफ जिल्ह्यात आहे. होय, तेच चिश्त! ज्या सिलसिल्याचं नाव आपण अजमेरच्या ख्वाजा मोईनुद्दीन चिश्तींमुळे घेतो, तो याच गावावरून ओळखला जातो. दहाव्या शतकात अबू इसहाक शामी इथे येऊन राहिले आणि पुढे हा सिलसिला हिंदुस्थानात पोहोचला.

धरणाचं काम १९७६ मध्ये सुरू होऊन युद्धात बंद पडलं होतं. वॅपकॉस या भारत सरकारच्या कंपनीने ते पूर्ण केलं. ४ जून २०१६ ला त्याचं उद्घाटन झालं आणि नाव ठेवलं अफगाण-भारत मैत्री धरण. उंची सुमारे १०७ मीटर, साठवण ६४ कोटी घनमीटर. पुणेकरांना टीएमसीत सांगितलं की पटकन कळतं. हा साठा साधारण साडेबावीस टीएमसी होतो, म्हणजे आपल्या पानशेत आणि वरसगाव या दोन धरणांच्या बेरजेच्या जवळपास. वीजनिर्मिती ४२ मेगावॅट आणि सिंचनाचं उद्दिष्ट ७५ हजार हेक्टर. खर्च सुमारे १७७५ कोटी रुपये.

एवढं सामान तिथे पोहोचलं कसं? पाकिस्तानातून वाट नव्हती. यंत्रं जहाजाने इराणच्या बंदर अब्बासला, तिथून १२०० किलोमीटर रस्त्याने इस्लाम कलाच्या नाक्यावर आणि पुढे आणखी ३०० किलोमीटर धरणावर. नदी पुढे इराण आणि तुर्कमेनिस्तानकडे जाते, त्यामुळे खालच्या शेजाऱ्यांची कुरकुरही होती आणि आजही आहे. पाणी वर अडवलं की खाली वाद होतो, हे महाराष्ट्रात कुणाला नव्याने सांगायला नको.

दुसरं मोठं काम जरंज ते देलाराम या २१८ किलोमीटर रस्त्याचं. सीमा सडक संघटनेने तो बांधला आणि जानेवारी २००९ मध्ये अफगाण सरकारच्या ताब्यात दिला. जरंज इराणच्या सीमेवर आहे. तिथून चाबहार बंदर गाठता येतं, म्हणून समुद्र नसलेल्या या देशाला कराचीशिवाय दुसरी वाट मिळाली. यात भारताचा स्वतःचा व्यापारी हिशेब होताच आणि तो लपवायचं कारण नाही. पण किंमत मोठी पडली. कामावर झालेल्या हल्ल्यांत सहा भारतीय आणि शंभराहून अधिक अफगाण मारले गेले. मेलेल्यांत बहुतेक स्थानिकच होते, हे आपल्याकडच्या बातम्यांत क्वचित येतं.

बाकीची कामं थोडक्यात. सालंगच्या डोंगरावरून पुल-ए-खुम्री ते काबूल वीजवाहिनी टाकली. काबूलला संसदेची नवी इमारत बांधली (डिसेंबर २०१५). मुलांच्या इंदिरा गांधी रुग्णालयाला मदत केली. पाय गमावलेल्यांसाठी जयपूर फूटची शिबिरं घेतली. १९०३ साली स्थापन झालेली हबीबिया शाळा लढाईत मोडून पडली होती, तीही भारताने पुन्हा उभी करून दिली. आणि बिस्किटं! २००२ मध्ये भारताने गहू देऊ केला, पण पाकिस्तानातून तो नेता येईना. मग त्यातल्या काही गव्हाची प्रथिनयुक्त बिस्किटं करून जागतिक अन्न कार्यक्रमामार्फत शाळेतल्या मुलांना रोज १०० ग्रॅमप्रमाणे वाटली. पोषण आहाराची वेळ झाली की पट कसा भरतो, हे आम्ही शिक्षक जाणतो.

शिष्यवृत्ती आणि पुणे

परदेशी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देणारी संस्था म्हणजे भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद. १९५० मध्ये मौलाना अबुल कलाम आझादांनी ती स्थापन केली. पुण्यातही तिचं कार्यालय आहे. अफगाणिस्तानसाठी ती वर्षाला १००० जागा देत असे. पुणे विद्यापीठ, त्याची संलग्न कॉलेजं, सिम्बायोसिस इथे ही मुलं आली. खडकवासल्याच्या एनडीएत अफगाण कॅडेटही शिकले. कोंढवा आणि कॅम्पात त्यांना घरं भाड्याने देणारी माणसं आपल्यातलीच. उर्दू आणि दरीत इतके शब्द सारखे आहेत की किराणा दुकानात त्यांचं काम भागून जायचं.

धरण एकदा बांधून हवाली केलं की ते जागेवर राहतं. माणूस शिकवायचा तर चार-पाच वर्षं दरवाजा उघडा ठेवावा लागतो, आणि तोच दरवाजा २०२१ मध्ये बंद झाला. २५ ऑगस्ट २०२१ ला भारताने आधी दिलेले व्हिसा रद्द केले. फक्त नव्या ई-व्हिसावर प्रवेश मिळेल असं ठरलं. कोरोनाच्या काळात घरी गेलेली मुलं तिकडेच अडकली, कुणाचं शेवटचं सेमिस्टर राहिलं. इकडे असलेल्यांचे घरचे पैसे बंद झाले. सुरक्षेची कारणं आम्हाला समजतात, पण ज्यांना आपणच निवडून बोलावलं होतं त्यांची वेगळी वाट काढता आली असती, असं आमचं स्पष्ट मत आहे.

तिकडे दुसरा दरवाजा तालिबानने लावला. सहावीच्या पुढे मुलींच्या शाळा बंद. २३ मार्च २०२२ ला शाळा उघडल्या आणि त्याच दिवशी मुलींना घरी पाठवलं. २० डिसेंबर २०२२ ला विद्यापीठंही बंद केली. हे शरीअतला धरून नाही, असं अल-अझहरचे शेख अहमद अल-तय्यब यांनी त्याच महिन्यात जाहीर सांगितलं. म्हणून कुणी "इस्लाममध्येच असं आहे" म्हटलं तर हे उत्तर मुलांना माहीत असावं.

मग आपल्या शाळांचं काय?

हा प्रश्न वर्गात हमखास येतो. आपल्याकडे शाळेचे पत्रे गळतात, मग काबूलला शाळा कशाला? तीन अब्ज डॉलर ही वीस वर्षांची रक्कम आहे. प्रत्येक भारतीयामागे ती सव्वादोन डॉलरच्या आसपास येते, तीही वीस वर्षांत मिळून. ती वाचवून आपले पत्रे बदलले असते का, हे आपल्याला ठाऊक आहेच. शिवाय दुसऱ्या बाजूचा हिशेबही पाहावा. २०२१ पूर्वी अफगाण सरकारच्या खर्चातला सुमारे तीन चतुर्थांश पैसा परदेशी मदतीतून येत होता. ती एका झटक्यात थांबली आणि मध्यवर्ती बँकेचे सुमारे सात अब्ज डॉलर अमेरिकेत गोठवले गेले, तेव्हा पगार थांबले ते शिक्षिकांचे आणि डॉक्टरांचे. सत्ता बदलणाऱ्यांचं काही अडलं नाही.

आज काय स्थिती आहे

फेब्रुवारी २०२२ पासून भारताने अट्टारीमार्गे ५० हजार टन गहू पाठवायला सुरुवात केली. तिकडे वाटप जागतिक अन्न कार्यक्रमाकडे होतं. पुढे काही गहू चाबहारमार्गे गेला. जून २०२२ मध्ये काबूलला तांत्रिक पथक बसलं आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याचा दर्जा पुन्हा दूतावासाचा झाला. तालिबान सरकारला औपचारिक मान्यता मात्र भारताने दिलेली नाही.

शिष्यवृत्तीचं म्हणाल तर २०२३ मध्ये परिषदेने अफगाण विद्यार्थ्यांसाठी १००० ऑनलाइन जागा जाहीर केल्या. भारतीय विद्यापीठांचे पदवी आणि पदव्युत्तर अभ्यासक्रम त्यात घरी बसून करता येतात. तिथल्या मुलींना विद्यापीठाचं फाटक बंद असताना पदवी मिळवायचे जे थोडे मार्ग उरले आहेत, त्यातला हा एक. मोबाइलला रेंज आणि घरात वीज असली, तर.