आधी घर की आधी उपचार? सपोर्ट प्लॅनचा थोडा इतिहास

माझा पीएच.डी.चा विषय सांगितला की समोरचा हमखास विचारतो, "म्हणजे वृद्धाश्रमासारखं का?" तसं नाही. सपोर्टिव्ह हाउसिंग म्हणजे वस्तीतलं साधं घर आणि त्यासोबत लागेल तेवढी मदत. दीर्घकाळ मानसिक आजार असलेली किंवा वर्षानुवर्षं रस्त्यावर काढलेली माणसं तिथे राहतात. मदत कसली? औषधं, बँकेचं खातं, घरमालकाशी बोलणं, कधी नुसतं भाजी आणायला सोबत जाणं. ही मदत कोणती, किती आणि कोणाच्या सांगण्यावरून द्यायची, हे ज्या कागदावर ठरतं तो सपोर्ट प्लॅन.

मी संख्याशास्त्राची एम.एस्सी. त्यामुळे सिनॉप्सिस लिहिताना "रहिवाशाने प्लॅनचं किती टक्के पालन केलं" हे यशाचं मोजमाप धरलं. मोजायला सोपं, आलेख सुरेख. गाइडनी समासात पेन्सिलने दोनच शब्द लिहिले : "प्लॅन कोणाचा?" मला वाटलं, मॅडम उगाच कीस काढताहेत. नंतर जुने पेपर वाचायला घेतले तेव्हा कळलं की या विषयातलं निम्मं भांडण त्या दोन शब्दांवरच झालेलं आहे. तुम्ही सिनॉप्सिसच्या उंबरठ्यावर असाल तर पुढचं जरा सावकाश वाचा.

सुरुवात अमेरिकेतून करावी लागते. १९५५ साली तिथल्या सरकारी मनोरुग्णालयांत साधारण ५ लाख ५९ हजार माणसं होती. नवी औषधं आली, १९६३ मध्ये केनेडींच्या सहीने सामुदायिक मानसिक आरोग्य केंद्रांचा कायदा झाला आणि रुग्णालयं रिकामी होऊ लागली. १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत तो आकडा लाखाच्याही खाली गेला. पण जेवढी केंद्रं कागदावर होती तेवढी उभी राहिलीच नाहीत. शहरांतली स्वस्त एकखोली हॉटेलंही याच काळात झपाट्याने कमी झाली. बरीच माणसं वॉर्डातून निघाली ती शेवटी फुटपाथवर किंवा शेल्टरमध्ये आली.

यावर जी व्यवस्था तयार झाली तिला संशोधनात शिडीचं मॉडेल म्हणतात. आधी शेल्टर, मग गटनिवास, मग देखरेखीखालची खोली आणि सगळ्यात वर स्वतःचं घर. प्रत्येक पायरीवर अटी : औषध घेतलंच पाहिजे, दारू सुटलीच पाहिजे. अट मोडली की खाली. इथे प्लॅन कर्मचारी लिहायचे आणि रहिवासी सही करायचा. घर हे बक्षीस होतं. आणि माझा "पालन" हा व्हेरिएबल नेमका या शिडीवरून उचललेला होता, हे मला ठाऊकही नव्हतं!

दुसरा धागा विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसनचा. मेंडोटा सरकारी रुग्णालयात लिओनार्ड स्टाइन, मेरी अ‍ॅन टेस्ट आणि अर्नोल्ड मार्क्स यांना एक गोष्ट सतत दिसत होती : वॉर्डात सुधारलेला माणूस घरी जातो आणि काही दिवसांनी परत दाखल होतो. वॉर्डात शिकवलेला स्वयंपाक बाहेरच्या स्वयंपाकघरात उपयोगी पडत नाही, कारण तिथली शेगडी वेगळी, दुकान वेगळं, शेजारी वेगळे. म्हणून १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी वॉर्डातले कर्मचारीच गावात नेले. यातून 'असर्टिव्ह कम्युनिटी ट्रीटमेंट', म्हणजे अ‍ॅक्ट टीम, घडली. साधारण दहा माणसांमागे एक कर्मचारी, टीममध्ये डॉक्टर, नर्स, समाजकार्यकर्ते, आणि रोज सकाळी सगळ्यांची मिळून बैठक. १९८० मध्ये त्यांचे निष्कर्ष छापून आले. त्यातला मला सगळ्यात मोलाचा वाटलेला भाग यशाचा नाहीच. चौदा महिन्यांनी मदत थांबवली तेव्हा मिळवलेलं बरंचसं ओसरून गेलं. मदतीला शेवटची तारीख घालायची नाही, हे तिथे कळलं.

आता न्यूयॉर्क. सॅम त्सेम्बेरिस हे मानसशास्त्रज्ञ रस्त्यावरच्या मनोरुग्णांसाठी काम करायचे. त्या लोकांना काय हवं असं विचारलं की उत्तर यायचं, घर. १९९२ मध्ये त्यांनी 'पाथवेज टू हाउसिंग' सुरू केलं आणि शिडी उलटी केली. आधी घर, तेही शहरभर विखुरलेल्या साध्या इमारतींत. उपचार घ्यायचे की नाही, कधी, कोणते, हे रहिवासी ठरवणार. अटी मोजक्या : उत्पन्नाच्या साधारण ३० टक्के भाड्यात द्यायचे आणि कर्मचाऱ्यांच्या ठरावीक भेटी घ्यायच्या. घराचा विभाग वेगळा, अ‍ॅक्ट टीम वेगळी. त्यामुळे घर गेलं तरी टीम जात नाही आणि रुग्णालयात भरती झालं म्हणून घर जात नाही. प्लॅनमधलं पहिलं ध्येय रहिवाशाच्या शब्दांत लिहायचं, मग ते "टीव्ही हवा" असं का असेना.

लोक म्हणाले, हे टिकणार नाही. २००० साली त्सेम्बेरिस आणि आयझेनबर्ग यांचा पेपर आला. पाच वर्षांनी पाथवेजचे ८८ टक्के भाडेकरू घरात टिकून होते, शहराच्या नेहमीच्या व्यवस्थेत ४७ टक्के. आकडा डोळे दिपवणारा आहे, पण जरा थांबा. इथे गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, म्हणजे दोन्हीकडची माणसं मुळातच वेगळी असू शकतात. वर लेखकांपैकी एक स्वतः संस्थेचा संस्थापक. असा पेपर फेकून द्यायचा नसतो, पुढच्या पेपरची वाट पाहायची असते. तो २००४ मध्ये आला : २२५ माणसं, यदृच्छ विभागणी. घर टिकण्याचं प्रमाण सुमारे ८० टक्के. दुसऱ्या गटाने व्यसनमुक्तीच्या सेवा जास्त वापरल्या, तरीही व्यसनात किंवा आजाराच्या लक्षणांत दोन्ही गटांत फरक दिसला नाही.

हे शेवटचं वाक्य दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या सोयीने वापरतात. एक म्हणतो, बघा, अटींचा काही उपयोग नव्हता. दुसरा म्हणतो, बघा, घर देऊन आजार बरा झाला नाही. माझ्या मते दोघांचंही खरं आहे, आणि म्हणूनच प्लॅन काळजीपूर्वक करावा लागतो. चावी देऊन काम संपत नाही.

कॅनडाने हे मोठ्या प्रमाणावर तपासलं. २००९ ते २०१३, पाच शहरं, दोन हजारांवर माणसं, प्रकल्पाचं नाव 'अ‍ॅट होम'. त्यांनी आधी गरज मोजली. जास्त गरज असलेल्यांना अ‍ॅक्ट टीम, मध्यम गरजेच्यांना एकेक केस मॅनेजर. शेवटच्या सहा महिन्यांत आधी घर मिळालेल्यांपैकी ६२ टक्के पूर्ण वेळ घरात होते, इतरांपैकी ३१ टक्के. जगण्याच्या दर्जातला फरक मात्र बराच लहान निघाला. आणि आधी घर मिळालेल्यांतही १६ टक्के माणसं त्या सहा महिन्यांत एक दिवसही घरात नव्हती. त्यांचा प्लॅन कसा असायला हवा होता, याचं उत्तर सरासरीत सापडत नाही.

आपल्याकडे हा प्रश्न उशिरा कायद्यात आला. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम १९ सांगतं की घरचे नेत नाहीत किंवा घरच नाही, एवढ्या कारणावरून कोणाला रुग्णालयात ठेवता येणार नाही. चेन्नईच्या 'द बॅनियन' संस्थेचं 'होम अगेन' या बाबतीत वाचण्यासारखं आहे. चार-पाच जणी वस्तीत भाड्याच्या घरात एकत्र राहतात, मदतनीस सोबत असते. न्यूयॉर्कचा एकट्याचा फ्लॅट इथे तसाच उचललेला नाही. एकत्र राहणं, स्वयंपाक, सण हे सगळं मदतीचाच भाग धरलंय.

माझं सिनॉप्सिस मी दुसऱ्यांदा लिहिलं. "पालन" काढलं. आता प्रत्येक प्लॅनमधली ध्येयं घेऊन बघते आहे की त्यातलं कोणतं वाक्य रहिवाशाच्या तोंडचं आहे आणि कोणतं कर्मचाऱ्याच्या. हे कोडिंग फार वेळखाऊ आहे, आलेखही सुरेख येत नाहीत. मॅडमनी अजून पेन्सिल उचललेली नाही.