भिंगाचा क्रमांक आणि चष्मेकाराचे गणित

उपनेत्रांचा इतिहास सामान्यतः शोधांच्या क्रमाने सांगितला जातो. तेराव्या शतकाच्या अखेरीस इटलीत वाचनासाठी बहिर्वक्र भिंगे वापरात आली. केप्लरने १६०४ मध्ये प्रतिमा दृष्टिपटलावर पडते हे दाखवून चष्म्याच्या उपयोगाची उपपत्ती दिली. हॅलेने १६९३ मध्ये भिंगाच्या नाभ्यंतराचे सर्वसाधारण सूत्र प्रसिद्ध केले. यंगने १८०१ मध्ये स्वतःच्या डोळ्यातील अबिंदुकतेचे वर्णन केले. हा क्रम बरोबर आहे. तथापि त्यातून एका प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. भिंगाचे गणित सतराव्या शतकातच सिद्ध झाले असता ते चष्मे देणाऱ्याच्या दुकानात पोहोचावयास एकोणिसाव्या शतकाची अखेर का उजाडावी लागली? कारागिरांच्या अज्ञानाकडे बोट दाखविणे सोपे आहे. परंतु खरी अडचण गणितात नव्हती, कारागिरात तर त्याहूनही नव्हती. ती मापनाच्या एककात होती.

भिंगांची प्रतवारी करण्याचे प्रयत्न जुने आहेत. सेव्हिल येथील दाझा दे वाल्देस याने १६२३ च्या आपल्या ग्रंथात भिंगांच्या अंशांची चर्चा केलेली आढळते. पुढे रूढ झालेली पद्धत मात्र कारखान्यातून आली. भिंग घासण्याच्या साच्याची वक्रतात्रिज्या इंचांत मोजली जाई. काचेचा वक्रीभवनांक सुमारे १.५ धरल्यास दोन्ही बाजूंनी सारख्या वक्रतेच्या भिंगाचे नाभ्यंतर त्या त्रिज्येइतकेच येते. त्यामुळे साच्याचा आकडा हाच भिंगाचा क्रमांक ठरला. घासणाऱ्याच्या दृष्टीने ही सोय उत्तम होती.

चष्मा बसविणाऱ्याच्या दृष्टीने तीच पद्धत तीन प्रकारे जाचक होती. पहिली गोष्ट, क्रमांक वाढला की भिंग सौम्य होई. ‘नंबर वाढला’ असे आज म्हणताना दोष वाढल्याचा अर्थ अभिप्रेत असतो. त्या पद्धतीत त्याचा अर्थ नेमका उलट झाला असता. दुसरी, दोन भिंगे एकत्र ठेवली असता बेरीज अपूर्णांकांची करावी लागे. १० व २४ क्रमांकांची भिंगे जोडल्यास १/१० अधिक १/२४, म्हणजे १७/१२०, किंवा अदमासे ७ क्रमांकाचे भिंग, हा हिशेब गिऱ्हाइकासमोर उभ्याने करणे सुकर नव्हते. तिसरी, इंच देशोदेशी निराळा होता. पॅरिसचा इंच सुमारे २७.१ मिलिमीटर, तर इंग्लंडचा २५.४ मिलिमीटर, म्हणून १० क्रमांकाचे भिंग पॅरिसमध्ये एक आणि लंडनमध्ये दुसरे.

डाँडर्सच्या १८६४ च्या ग्रंथाने दृष्टिदोषांची शास्त्रशुद्ध मांडणी केली, पण तीही इंचांच्या अपूर्णांकांतच. नागेलने १८६६ मध्ये मीटरवर आधारित एककाचा पुरस्कार केला, मोन्वाएने १८७२ मध्ये त्यास ‘डायॉप्टर’ हे नाव दिले आणि १८७५ मध्ये ब्रुसेल्सच्या आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषदेने ते स्वीकारले. मीटरमध्ये मोजलेल्या नाभ्यंतराचा व्यस्तांक म्हणजे डायॉप्टर. वरील दोन भिंगे इंग्रजी इंचांची धरल्यास त्यांची शक्ती ३.९४ व १.६४ होते आणि साधी बेरीज ५.५८ येते. नवा सिद्धांत यात काहीच नव्हता; पण नाभ्यंतराऐवजी शक्ती मोजताच भागाकाराची जागा बेरजेने घेतली.

या सुधारणेचे पुढचे पाऊल न्यू यॉर्कमधील चार्ल्स प्रेंटिस या चष्मेकाराने टाकले. तो चष्मेकाराचाच मुलगा. यंत्रशास्त्राचे शिक्षण त्याने जर्मनीत कार्ल्सरुए येथे घेतले होते. लोलक त्या काळी शिरोकोनाच्या अंशांत मोजले जात. परंतु किरण किती वळेल हे त्या अंशांवरून थेट कळत नसे. प्रेंटिसने १८९० मध्ये सुचविले, की एक मीटर अंतरावर किरणास एक सेंटिमीटर ढळविणारा लोलक हे एकक मानावे. असे करताच भिंग व लोलक एकाच दशमान पद्धतीत आले आणि त्यांतून त्याच्या नावाने प्रसिद्ध असलेला नियम मिळाला: भिंगाची शक्ती गुणिले मध्यापासूनचे सेंटिमीटरमधील अंतर बरोबर लोलकपरिणाम.

या नियमाचे महत्त्व उदाहरणाने स्पष्ट होते. दोन्ही डोळ्यांस उणे ६ ची भिंगे असून त्यांच्या मध्यांतील अंतर बाहुल्यांमधील अंतरापेक्षा ८ मिलिमीटरने अधिक ठेवले, तर प्रत्येक डोळ्यापुढे २.४ आणि एकूण ४.८ लोलक-डायॉप्टर इतका परिणाम घडतो. त्याची दिशा अशी, की दूरचे पाहताना डोळ्यांना एकमेकांपासून बाहेर वळावे लागते, आणि ही क्षमता डोळ्यांत फार थोडी असते. तसेच उजव्या डोळ्यास अधिक १ व डाव्यास अधिक ४ असताना वाचनासाठी दृष्टी मध्याखाली एक सेंटिमीटर गेली, की दोन डोळ्यांत ३ लोलक-डायॉप्टरांचा उभा फरक पडतो. दोन्ही ठिकाणी नेत्रवैद्याची चिठ्ठी अचूक आणि भिंगेही अचूक असू शकतात. तरीही डोके दुखते किंवा एकाच्या दोन वस्तू दिसतात.

डोळा व भिंग यांतील अंतराचीही अशीच गोष्ट आहे. तपासणीच्या चौकटीत १४ मिलिमीटरवर उणे १० चे भिंग योग्य ठरले आणि चष्मा १० मिलिमीटरवर बसला, तर उणे ९.६२ पुरते. उणे २ च्या भिंगात हाच फरक अवघा ०.०२ राहतो. कोठे गणित केलेच पाहिजे आणि कोठे ते निरर्थक आहे, हा विवेकही गणितच शिकविते.

या अंकगणिताचा परिणाम दुकानापुरता मर्यादित राहिला नाही. जो मोजतो आणि हिशेब करतो तो केवळ विक्रेता कसा, हा प्रश्न त्यातूनच उभा राहिला. दृष्टितपासणीचे शुल्क चष्मेकाराने घ्यावे काय, यावरून १८९० च्या दशकात प्रेंटिस व न्यू यॉर्कचे नेत्रवैद्य यांच्यात तीव्र वाद झाला. १८९६ मध्ये तेथे चष्मेकारांची संस्था स्थापन झाली. दृष्टिमापनाच्या व्यवसायास कायद्याची मान्यता प्रथम १९०१ मध्ये मिनेसोटा राज्याने दिली. न्यू यॉर्कमध्ये तसा कायदा १९०८ मध्ये झाला. नेत्रवैद्यांच्या आक्षेपात तथ्य नव्हते असे नाही. डोळ्याचा रोग गणिताने ओळखता येत नाही. मात्र रोगनिदानाचा अधिकार आणि भिंग योग्य जागी बसविण्याचे ज्ञान या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या वादाने स्पष्ट केले.

विसाव्या शतकात गणिताचा मोठा भाग पुन्हा कारखान्यात गेला. फॉन रोर याच्या गणितावर आधारलेली त्साइस कंपनीची ‘पुंक्टाल’ भिंगे १९१२ मध्ये बाजारात आली. आज तर संगणक प्रत्येक गिऱ्हाइकासाठी स्वतंत्र पृष्ठभाग आखून देतो. परंतु त्या संगणकास पुरविली जाणारी बाहुल्यांमधील अंतर, भिंगाचे डोळ्यापासूनचे अंतर व चौकटीचा कल ही मापे अद्याप चष्मा बसविणाऱ्याच्याच हातची आहेत. ती चुकली तर पुढील गणित कितीही सूक्ष्म असले, तरी ते भलत्याच डोळ्याचे ठरते. डायॉप्टरने भिंगाचे शास्त्र दुकानाच्या आवाक्यात आणले. ते तेथे टिकविण्याचे काम मात्र कोणतेही एकक करू शकत नाही.