हौदापासून चुलीपर्यंत

१९७८-७९ ची गोष्ट असेल. तेव्हाच्या औरंगाबादेत आमच्या मोहल्ल्याच्या तोंडाशी एकच सार्वजनिक नळ होता. त्याला पाणी यायची आणि शाळा भरायची वेळ एकच. मी तिसरीत होतो. थोरली बहीण, म्हणजे आमची आपा, सातवीत. अम्मीची तब्येत नाजूक आणि घरात माणसे सात. नळावर कोणी जायचे, हा प्रश्न घरात कधी चर्चेला आलाच नाही. आपा जाऊ लागली. आधी आठवड्यातून एखादा दिवस शाळा बुडाली, मग तीन-चार दिवस, आणि सहामाहीनंतर तिचे दप्तर फळीवर गेले ते गेलेच. मी मात्र न्हाऊन, भांग पाडून शाळेत जात राहिलो आणि पुढे बी.ए. झालो.

हे ज्या शहरात घडले, आजचे छत्रपती संभाजीनगर, ते पाण्याच्या कर्तबगारीसाठी नावाजलेले आहे. मलिक अंबराने १६१० मध्ये इथे खडकी वसवली. हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा कर्ता कारभारी झाला आणि सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात त्याने नहर-ए-अंबरी बांधली. उत्तरेकडच्या डोंगरांच्या पायथ्याशी झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बांधीव नळांतून, केवळ उताराच्या जोरावर, त्याने शहरात आणले. नळातली हवा बाहेर पडावी आणि दाब राखला जावा म्हणून वाटेत मनोऱ्यांसारखे बंब उभारले. पुढे आणखी नहरी झाल्या. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारातली पाणचक्की अशाच एका नहरीवर चाले. फकीर-मुसाफिरांचे पीठ तिथे पाणी दळून देत असे. बाकी शहरात जात्याचा खुंटा बाईच्याच हातात होता.

या नहरींचा मला अभिमान आहे. पण त्यांच्याविषयी वाचताना एक गोष्ट खटकते. नहर डोंगरातून निघते, हौदापर्यंत येते आणि तिथे प्रकरण संपते. हौदापासून चुलीपर्यंतच्या अंतराबद्दल कोणी लिहीत नाही. ते अंतर कोणी चालायचे, हे इतके ठरलेले होते की कुणाला ते नोंदवावेसेच वाटले नाही. राजे बदलले, हौदाच्या जागी नळ आला, तरी डोक्यावरची चुंबळ तीच राहिली.

हे अंतर नेहमी पावलांनीच मोजता येते असेही नाही. महाडचे चवदार तळे गावातच होते. पण दलित बाईसाठी ते कोसो दूर होते. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत, हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात १९२३ मध्ये मंजूर झाला. कागद खुला झाला, तळे बंदच राहिले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो अनुयायांसह त्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. डिसेंबरात पुन्हा परिषद भरली. तिच्यासाठी फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जागा दिली. त्या वेळी बाबासाहेब स्त्रियांशी वेगळे बोलले, आणि मुलींना शिकवा, हे त्यांनी आवर्जून सांगितले. पाण्याच्या लढ्यात शाळेची गोष्ट निघावी, यात नवल नव्हते. पुढे १९३७ मध्ये उच्च न्यायालयाचा निकालही तळ्याच्या बाजूने लागला.

तिसरे नाव मृणाल गोरे यांचे. वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडून त्या राष्ट्र सेवा दलाच्या कामात आल्या आणि १९६१ मध्ये गोरेगावातून मुंबई महापालिकेवर निवडून गेल्या. उपनगर वाढत होते, पाणी वाढत नव्हते. मृणालताईंनी बायकांना बरोबर घेतले, मोर्चे काढले, महापालिकेत पाण्यावरून रान उठवले. लोक त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हणू लागले. मला यात मोठेपण दिसते ते असे, की आजवर मुकाट्याने नळावर उभी असलेली बाई तिथून उठून थेट महापालिकेच्या दारात जाऊन उभी राहिली. पाणी ही घरातली कटकट आहे असे तिला वाटत आले होते, तो सार्वजनिक हक्क आहे हे तिला कळले. एकदा हे कळलेली बाई पुढे रॉकेल, धान्य, महागाई यांचाही जाब विचारते. १९७२ मध्ये मुंबईत लाटणी घेऊन निघालेल्या बायकांनी हेच दाखवले.

आता थोडा हिशेब. पाण्यापायी रोज दोन तास जात असतील, तर वर्षाचे सातशे तीस तास झाले. शाळेचा दिवस पाच तासांचा धरला, तर हे एकशे सेहेचाळीस दिवस होतात. म्हणजे मुलीचे जवळपास दोन तृतीयांश शालेय वर्ष हंड्यात जाते. शिवाय पंधरा लिटरचा हंडा म्हणजे वाढत्या वयाच्या मानेवर पंधरा किलो. दूषित पाण्याने घरात कोणी आजारी पडले, तर उशाशी बसायलाही तीच. आणि ज्या शाळेत पाणीच नाही, तिथे वयात आलेली मुलगी महिन्याचे चार दिवस कशी जाणार?

२०१९ मध्ये जल जीवन मिशन जाहीर झाले, तेव्हा देशातल्या ग्रामीण भागात सुमारे ३ कोटी २३ लाख घरांतच नळ होता. सरकारी नोंदीप्रमाणे हा आकडा नंतर १५ कोटींच्या वर गेला. हे काम मोठे आहे. पण तोटी बसली म्हणजे पाणी आले असे नाही, आणि पाणी मध्यरात्री आले तर उठते कोण, हेही विचारले पाहिजे.

आपा आता साठीच्या पुढे आहे. चुंबळ असायची तिथले तिचे केस कधीच विरळ झाले. माझा कवितासंग्रह निघाला तेव्हा पहिली प्रत तिला नेऊन दिली. तिने अक्षरे जुळवत, बोट फिरवत माझे नाव वाचले, नावापुढचे बी.ए. वाचले, आणि हसून म्हणाली, “यातलं निम्मं माझं बरं का. तुझ्या अंघोळीचं पाणी कोण आणायचं?”

ती थट्टेने बोलली. मी अजून तो हिशेब फेडतो आहे. नहर बांधणाऱ्याचे नाव चारशे वर्षे टिकले, ते टिकायलाच हवे. त्या नावाखाली एक ओळ आपांसाठीही असावी, एवढेच माझे म्हणणे.