सतरा सप्टेंबरच्या पुढची गोष्ट

आमचं अणदूर खंडोबाचं. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर, नळदुर्गच्या शेजारी. दर 17 सप्टेंबरला इथं झेंडावंदन होतं. पुण्या-मुंबईच्या मित्रांना अजूनही समजावून सांगावं लागतं, की बाबांनो, आम्हाला स्वातंत्र्य 13 महिने उशिरा मिळालं. तोवर आम्ही निजामाचे.

लहानपणी आजोबा रझाकारांच्या गोष्टी सांगायचे. रात्री ज्वारीच्या रानात लपून झोपायचं, डागिने जमिनीत पुरायचे, बायकापोरांना सोलापूरला पोचवायचं. ऐकताना अंगावर काटा यायचा. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी लातूरचा वकील. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच, म्हणजे माणूस आपल्याच जिल्ह्यातला! त्याआधीपासूनची घुसमट वेगळीच. सभा घ्यायची तर परवानगी काढा. विद्यापीठात जायचं तर उस्मानियात, आणि तिथं उर्दूतून शिका. हिप्परग्याला 1921 साली राष्ट्रीय शाळा निघाली आणि स्वामी रामानंद तीर्थ तिथं शिकवायला आले, ते या सगळ्या पार्श्वभूमीवर.

मग 13 सप्टेंबर 1948 ला सोलापूरहून फौज निघाली. त्याच दिवशी नळदुर्ग पडलं आणि पाचव्या दिवशी निजाम शरण आला. आजोबांची गोष्ट इथं संपायची. "मग पुढं?" असं विचारलं की म्हणायचे, "पुढं काय, झालो मोकळे," आणि पानाचा डबा पुढे ओढायचे.

त्यांचा तालमीतला एक मुसलमान जोडीदार होता. गोष्टीत तो सप्टेंबरपर्यंत असायचा, नंतर नसायचा. मी कधी विचारलं नाही.

हे सगळं परत आठवलं ते बेलारूसबद्दल वाचताना. मिन्स्क शहराच्या कडेला कुरापाती नावाचं जंगल आहे. 1937 ते 1941 या काळात स्टालिनच्या पोलिसांनी तिथं हजारो माणसं गोळ्या घालून पुरली. आसपासच्या म्हाताऱ्यांना ठाऊक होतं, पण उघड बोलायची सोय नव्हती. 1988 साली झेनोन पाझ्न्याक यांनी ते छापून आणलं, तेव्हा देश हादरला. मधल्या काळात जर्मनांनी केलेले अत्याचार मात्र भरपूर सांगितले गेले. तेही खोटे नव्हते. त्या युद्धात बेलारूसमधला जवळजवळ दर चौथा माणूस गेला. पण एका खऱ्या दुःखाच्या आड दुसरं खरं दुःख पन्नास वर्षं झाकून ठेवता आलं.

तिथं मी थांबलो. आपल्याकडे वेगळं काय झालं?

फौज आल्यानंतर मुसलमानांच्या कत्तली झाल्या, लूट झाली. नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. सगळ्या संस्थानात मिळून 27 ते 40 हजार माणसं मारली गेली, असा तिचा अंदाज. सर्वात जास्त झळ बसलेले चार जिल्हे तिनं सांगितले. त्यांत उस्मानाबाद होतं. हा अहवाल लोकांसमोर यायला 2013 उजाडलं. कुरापाती आणि आपलं प्रकरण एकसारखं नाही, हे मला कळतं. तिकडे लोकांवर बंदुकीचा धाक होता. इथं लोकशाही होती, तरी आपण बोललो नाही.

त्याच अहवालात रझाकारांच्या जुलमांचीही नोंद आहे. आणि हेही आहे, की कित्येक ठिकाणी हिंदूंनी मुसलमान शेजाऱ्यांना वाचवलं. हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांसाठी जीव दिले. आपण गप्प बसलो, त्यात ही माणसंसुद्धा विसरली गेली.

काही नातेवाईकांना हे आवडणार नाही. मुक्तिसंग्रामाला कमीपणा आणायचा माझा हेतू नाही. आजोबांची भीती खरी होती, झेंड्याला सलाम करताना माझाही ऊर भरून येतो. पण त्यांच्या जोडीदाराची गोष्टही याच गावची, आणि ती अर्धी राहिली आहे. तो पळाला, वाचला, की गेला?

आजोबा आता नाहीत. घरातल्या थोरांपैकी कुणाला ठाऊक असेल, तर सांगा. वाईट असलं तरी सांगा. मी ऐकून घेईन.