नावाविना चेहरे, चेहऱ्याविना नावे

धर्मगुरूच्या वाट्याला अंत्यविधी येतात, तशा अंत्यविधीनंतरच्या घरभेटीही येतात. चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांतील धर्मग्रामांत काम करीत असताना एक गोष्ट वारंवार आमच्या ध्यानी आली. घरातील वडीलधारे माणूस गेले की सातव्या दिवसाच्या प्रार्थनेसाठी भिंतीवर फोटो लावावयाचा असतो आणि मग शोधाशोध सुरू होते. पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली जाते, रेशनकार्ड, सात-बारा, खाणीतल्या नोकरीचे कागद यांच्या गठ्ठ्यातून पाच-पंचवीस फोटो निघतात आणि घरातील तरुण मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. हा कोण, ही कोण, हे लग्न कोणाचे, हे कोणासही सांगता येत नाही. ज्यांना सांगता आले असते त्यांनाच नुकतीच मूठमाती दिलेली असते.

या बाबतीत आम्हीही निर्दोष नाही. बल्लारपूरकडील एका घरी नव्वदी ओलांडलेली एक आजी होती. बिस्किटांच्या जुन्या डब्यात तिने फोटो जपले होते. "फादर, एक दिवस सवडीनं या, साऱ्याइचे नावं सांगतो तुमाले," असे ती प्रत्येक भेटीत म्हणे. आम्ही ईस्टरनंतर येतो म्हणालो. ईस्टरनंतर प्रथम कम्युनियनची तयारी आली, मग उन्हाळा आला. चंद्रपूरचा उन्हाळा म्हणजे दुपारी घराबाहेर न पडण्याचा काळ. आषाढात आजी गेली. तो डबा तिच्या मुलाने आमच्या स्वाधीन केला. त्यात एकेचाळीस फोटो आहेत. हा लेख त्या डब्याने आमच्याकडून लिहवून घेतला, असे म्हटले तरी चालेल.

छायाचित्रणाची कला १८३९ साली युरोपात जाहीर झाली व पुढच्याच वर्षी ती हिंदुस्थानात पोहोचली. १८५४ साली मुंबईत छायाचित्रकारांची संस्थाही स्थापन झाली. परंतु जंगलपट्टीतील माणसाचा चेहरा कागदावर आला तो त्याच्या स्वतःच्या इच्छेने नव्हे. १८६८ ते १८७५ या काळात वॉटसन व के यांनी संपादिलेला 'द पीपल ऑफ इंडिया' हा आठ खंडांचा ग्रंथ इंग्रज सरकारच्या वतीने निघाला. त्यात देशभरच्या जातीजमातींची छायाचित्रे आहेत. १९१६ साली रसेल व रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जातीजमातींवरील चार खंडांचा ग्रंथ आला. आपला चांदा जिल्हा त्या काळी मध्य प्रांतातच होता. हे ग्रंथ अभ्यासकांना आजही उपयोगी पडतात. पण त्यांतील चित्रे पाहिली की मनात एक कळ उठते. चित्राखाली बहुधा जमातीचे नाव असते, फार तर ती मंडळी काय करीत आहेत ते असते. ती स्त्री कोणाची लेक, तो म्हातारा कोणत्या गावचा, हे नसते. चेहरा आहे, नाव नाही. ज्याने चित्र काढले त्याला नाव नको होते, नमुना हवा होता.

याच्या नेमके उलट चित्र आमच्या धर्मग्रामाच्या कपाटात दिसते. त्रेंतच्या विश्वपरिषदेने १५६३ साली विवाहाची नोंदवही ठेवण्याचा दंडक घालून दिला. पुढे बाप्तिस्मा, विवाह व मृत्यू यांच्या नोंदी ठेवणे हे धर्मग्रामाच्या धर्मगुरूचे कर्तव्यच होऊन बसले. सेमिनरीत आम्हांस हे शिकविले गेले तेव्हा कारकुनी काम म्हणून आम्ही नाक मुरडले होते. आज त्या नोंदवहीचा एक गुण आम्हांस फार मोलाचा वाटतो, तो म्हणजे समास. एखाद्या मुलीचा बाप्तिस्मा आपल्या गावी झाला आणि वीस-बावीस वर्षांनी तिचे लग्न नागपूरला लागले, तर तेथील धर्मगुरू कळवितात आणि आपण तिच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी समासात ते टिपून ठेवतो. एका ओळीच्या कडेला सारे आयुष्य गोळा होते. उणीव एकच. त्या वहीत नाव आहे, आईबापांचे नाव आहे, धर्ममातापित्यांचे नाव आहे. चेहरा मात्र नाही.

सरकारच्या ग्रंथात नावाविना चेहरे आणि आमच्या वहीत चेहऱ्याविना नावे. या दोहोंची गाठ पडण्याची जागा एकच आहे, ती म्हणजे घरातली पेटी.

आपल्या भागातील ख्रिस्ती घरांच्या पेट्या फार जुन्या नाहीत. १९६२ साली चांद्याचे मिशनक्षेत्र सिरो-मलबार ख्रिस्तसभेच्या सी.एम.आय. संघाकडे सोपविण्यात आले आणि १९७७ साली चांदा हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. महागुरुस्वामी जानुआरियुस पालातुरुत्तिल हे पहिले बिशप. केरळातून आलेले धर्मगुरू, पाठोपाठ आलेल्या भगिनी, खाणींत व कागदाच्या कारखान्यात पोटासाठी आलेली दूरदूरची कुटुंबे आणि येथलीच श्रद्धावंत मंडळी, या साऱ्यांचा मिळून हा समाज घडला. त्या पिढीतील शेवटची माणसे आज ऐंशी-नव्वदीच्या घरात आहेत. त्यांच्याबरोबर काय जाणार आहे, याचा हिशेब कोणी केलेला नाही. सी.एम.आय. संघाचे एक संस्थापक, २०१४ साली संतपदी पोहोचलेले चावरा कुरियाकोस एलियास, हे मन्नानम् येथील मठाच्या घडामोडींची बखर स्वतः लिहीत. ती सवय मठांनी पुढे चालविली. घरांनी मात्र ती कधी उचलली नाही.

त्या काळच्या पेट्यांतील पुष्कळ फोटो लहान व चौकोनी आहेत. ते आग्फा क्लिकसारख्या साध्या कॅमेऱ्याचे. एका रिळात बारा चित्रे निघत. बारा म्हणजे थोडी, म्हणून विचार करून काढलेली. सणाला, लग्नाला, नव्या चर्चच्या पायाभरणीला. उरलेले फोटो स्टुडिओतील, मागे रंगविलेला पडदा असलेले. आमच्या डब्यातील एका फोटोत पडद्यावर ताजमहाल आहे व पुढे अनवाणी उभे नवरानवरी आहेत. जे आग्र्याला कधी गेले नसतील, त्यांच्यामागे आग्रा उभे आहे. असो.

वर्धा व पैनगंगेच्या पलीकडच्या तीरावरील एक उदाहरण येथे सांगण्याजोगे आहे. ऑस्ट्रियाचे मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हाइमेनडॉर्फ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जर्मन पारपत्रामुळे हैदराबाद संस्थानातच अडकून पडले. पत्नी बेट्टीसह ते अदिलाबादेतील मार्लवाई या गोंड गावी झोपडीत राहिले. १९४८ साली त्यांचा 'द राज गोंड्स ऑफ अदिलाबाद' हा ग्रंथ निघाला. त्यांनी काढलेली हजारो छायाचित्रे लंडनच्या स्कूल ऑफ ओरिएंटल अँड आफ्रिकन स्टडीज या संस्थेने जतन केली आहेत. बेट्टीबाई १९८७ साली निवर्तल्या. त्यांची समाधी मार्लवाईलाच आहे. १९९९ साली अदिलाबादचा वेगळा धर्मप्रांत होईपर्यंत तो मुलूख चांदा धर्मप्रांतातच मोडत होता, म्हणून ही गोष्ट आम्हांस परकी वाटत नाही. हाइमेनडॉर्फ यांच्या छायाचित्रांना आज किंमत आहे ती त्यांच्याबरोबर दैनंदिनी व टिपणेही आहेत म्हणून. नुसते चित्र हे अर्धेच कागदपत्र असते.

दुसरे उदाहरण आपल्या घरचेच म्हणावे असे आहे. बाळ येशूची संत तेरेजा हिचा चेहरा आपण सारे ओळखतो, तो तिची बहीण सेलीन हिच्यामुळे. १८९४ साली सेलीन लिझ्यूच्या कार्मेल मठात दाखल झाली तेव्हा तिने आपला कॅमेरा बरोबर नेला होता. तेरेजेची चाळीसहून अधिक छायाचित्रे आज उपलब्ध आहेत, त्यांतील बहुतेक तिचीच. सेलीनने पुढे या चित्रांवर हात फिरवून तेरेजेला अधिक गोंडस केले आणि कित्येक वर्षे जगाने तेच रूप पाहिले. मूळ छायाचित्रे जपून ठेवलेली होती, म्हणून १९६१ साली ती प्रसिद्ध करता आली आणि दमलेली, ठाम जिवणीची खरी तेरेजा लोकांपुढे आली. आपल्याकडे जुना फोटो मोठा करून, रंग भरून, आजोबांना कोट चढवून भिंतीवर लावतात आणि मूळ फोटो टाकून देतात. आमची हात जोडून विनंती आहे, कोट खुशाल चढवा, पण मूळ फोटो टाकू नका.

आता शत्रूंविषयी. कृष्णधवल फोटोवरचा थर जिलेटिनचा असतो आणि जिलेटिन हे जनावरांच्या हाडाकातड्यांपासून होते; बुरशीला व कसरीला ते पक्वान्नच. पावसाळ्यात मातीच्या भिंतीला टेकविलेली पेटी म्हणजे त्यांना आमंत्रण. त्यातून पूर. भामरागडला पर्लकोटेचे पाणी बहुतेक पावसाळ्यात गावात शिरते. २०२० सालच्या ऑगस्टअखेर वैनगंगेने ब्रह्मपुरी ते गडचिरोली किती घरे बुडविली हे वाचक विसरले नसतील. भिजलेले फोटो गठ्ठ्यातच वाळू दिले तर त्यांची वीट होते. ओले असतानाच स्वच्छ थंड पाण्यातून काढून एकेक सुटा करावा आणि चित्राची बाजू वर ठेवून सावलीत पसरावा. रंगीत फोटोंची गोष्ट आणखी वेगळी. १९७०-८० च्या दशकांतील रंगीत फोटोंचे रंग उडून ते तांबूस पडत चालले आहेत. आजीच्या लग्नाचा काळापांढरा फोटो शाबूत आणि नातीच्या लग्नाचा रंगीत फोटो फिका, असे अनेक घरांत दिसते. चिकट पानांचे अल्बम तर फोटोंचे वैरीच. त्यांतला गोंद कालांतराने फोटो सोडत नाही. बल्लारपूरसारख्या कागदाच्या गावात राहूनही आपण अल्बम घ्यावयाचा तो कागद कसला आहे हे न पाहता, याचे आम्हांस नवल वाटते.

मग करावयाचे काय? एका रविवारी सारी पेटी उपडी करून बसणारे पुष्कळ पाहिले. दुपारपर्यंत उत्साह टिकतो, संध्याकाळी सारे पुन्हा पेटीत जाते, पूर्वीपेक्षा अधिक विस्कटून. सेमिनरीत आम्हांस दररोज रात्री पाव तासाचे आत्मपरीक्षण करावयास शिकविले होते. त्याचे सामर्थ्य लांबीत नसून रोज होण्यात होते. तेच येथे चालते. रात्रीच्या रोझरीनंतर घरातील मंडळी एकत्र असतातच. तेव्हा पाव तास, आणि फोटो फक्त पाच. हात धुऊन, पुसून, कडेने धरावेत. घरातील सर्वांत वृद्ध माणसाच्या हाती द्यावेत आणि त्याला बोलू द्यावे. कोण, कोठे, केव्हा एवढे लिहिणाऱ्याने मऊ शिसपेन्सिलीने मागच्या बाजूस, कडेला, दाब न देता लिहावे. बॉलपेन नको, त्याची शाई पुढे उमटते. नाव पूर्ण लिहावे. 'बाबा' एवढेच लिहिले तर पन्नास वर्षांनी ते कोणाचे बाबा हा प्रश्न उरतोच. साल आठवत नसेल तर 'मोठ्या पोराच्या जन्माच्या आधी' असे लिहिले तरी पुरते; त्या पोराच्या बाप्तिस्म्याचे साल आमच्या वहीत मिळेल. फोटोवर लहानसा अनुक्रमांक घालून तोच एका वहीत मांडावा आणि जी हकिकत मागे मावत नाही ती तेथे लिहावी. मग कागदी पाकीट, आणि पाकिटे जमिनीपासून उंच, स्वयंपाकघर व बाहेरची भिंत टाळून ठेवावीत. डांबराच्या गोळ्या फोटोंजवळ ठेवू नयेत.

उपवासकाळाच्या चाळीस दिवसांत या रीतीने दोनशे फोटो होतात. आपल्याकडील बहुतेक पेट्यांत त्याहून जास्त नसतातच.

घरातील मुलांनी त्याच वेळी मोबाइलवर पाठपोट दोन्ही बाजूंची प्रत घ्यावी. पाठीची आधी, कारण ती घ्यावयाची राहून जाते. एक प्रत परगावच्या नातेवाइकाकडे असावी, म्हणजे नदी एकाच घरात शिरेल. मोबाइलमधील आजच्या हजारो फोटोंचे पुढे काय होईल हा वेगळा विषय आहे. आमचा त्यावर फारसा भरवसा नाही.

भामरागडच्या माडिया बांधवांत मृताच्या स्मरणार्थ दगड उभा करण्याची चाल आहे. जुन्या दगडांवर अक्षर नसते. तरीही हा दगड कोणाचा हे गावातील म्हातारा सांगतो, कारण त्याला ते त्याच्या बापाने त्याच जागी उभे राहून सांगितलेले असते. अक्षर नसताना त्यांनी जे टिकविले, ते अक्षर येत असून आपल्याला टिकविता आलेले नाही.

गेल्या नोव्हेंबरात, मृतांच्या स्मरणाच्या महिन्यात, आम्ही आजीच्या डब्यातील एकेचाळीस फोटो मिस्सेनंतर चर्चच्या ओसरीवर टेबलावर मांडले. लोक वाकून वाकून पाहत होते. घुग्घुसहून लेकीकडे आलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी चष्मा पुसून एक फोटो उचलला आणि म्हणाले, "फादर, हे माया मामाचं लगन होय. कडेले उभं हाये ते पोट्टं मी." आम्ही तेथेच पेन्सिल काढली. त्यांनी नऊ नावे सांगितली. दहाव्यापाशी बराच वेळ थांबले, मग मान हलविली. आणखी दोन फोटो एका बाईंनी ओळखले. उरलेले अडतीस आमच्या कपाटात, बाप्तिस्म्याच्या वहीशेजारी आहेत. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते टेबलावर मांडतो.