कंपाउंडरचं सर्टिफिकेट आणि चाळिशीतली विद्यार्थिनी

मागच्या आठवड्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. "बाई, उद्यापासून ट्रेनिंग सुरू. पाचशे तास!" मी म्हटलं, "अगं, पंधरा वर्षं काउंटरवर उभी आहेस, अजून पाचशे तास कसले?" ती हसली. म्हणाली, "बाई, ती पंधरा वर्षं कुठल्याच कागदावर नाहीत ना."

त्या वाक्यावरून हा लेख. तिला विचारूनच लिहिते आहे. नाव मात्र देत नाही.

चाकणला मी मराठी शिकवत असताना ती माझ्या वर्गात होती. बारावी सायन्स झाली आणि लगेच लग्न झालं. नवरा डी. फार्म. केलेला, औषधांचं दुकान त्याचंच. घरचं आवरून ही दुकानात बसायची. कुठली गोळी कुठल्या खणात आहे हे तिला त्याच्याहून पाठ. २०२१ साली करोनाने तो गेला. दुकान होतं, गिऱ्हाइकं होती, पण परवान्याला लागणारा नोंदणीकृत फार्मासिस्ट घरात उरला नाही. पगार देऊन एक मुलगा ठेवला. पगार जाऊन हातात फारसं काही राहीना. शेवटी वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी बाईसाहेबांनी डी. फार्म.ला नाव घातलं. वर्गातली मुलं तिच्या थोरल्या मुलाच्या वयाची.

पण गोष्ट खरी सुरू होते ती तिच्या दुकानातल्या एका फ्रेमपासून. देवाच्या तसबिरीशेजारी तिच्या आजेसासऱ्यांचं फार्मासिस्ट म्हणून नोंदणी झाल्याचं सर्टिफिकेट लावलेलं आहे. आजोबा चाकणच्या एका डॉक्टरांकडे कंपाउंडर. शाळा जेमतेम झालेली, फार्मसीच्या कॉलेजचं तोंड कधी पाहिलेलं नाही. तरी सरकारने त्यांना फार्मासिस्ट म्हणून मान्य केलं. तिने मला साधा प्रश्न विचारला होता, "बाई, आजोबांचा अनुभव चालला, मग माझा का नाही?"

मला तो प्रश्न अगदी रास्त वाटला. मास्तरकीची खोड, लगेच अर्ज लिहायला बसले. "माझा पंधरा वर्षांचा अनुभव ग्राह्य धरून..." वगैरे. पण अर्जात कायद्याचा आधार हवा. म्हणून वाचायला लागले, आणि वाचता वाचता या धंद्याचा सगळा इतिहासच समोर आला.

आमच्या पिढीला कंपाउंडर आठवतो. डॉक्टरांच्या खोलीला लागून एक खिडकी, आत रंगीत मिक्स्चरच्या मोठ्या बाटल्या. आपण घरून बाटली घेऊन जायची. कंपाउंडर ती विसळून त्यात गुलाबी नाहीतर पिवळं औषध भरायचा, आणि बाटलीवर कातरलेल्या कागदाची पट्टी डकवायचा. एक खाच म्हणजे एक डोस. खलात गोळ्या कुटून कागदाच्या पुड्या बांधायच्या, मलम घोटायचं, जखमेवर टिंक्चर लावायचं. सगळं हाताचं काम, आणि ते बघून बघूनच यायचं.

शिकवण्याची सोय नव्हतीच असं नाही. गोव्यात पोर्तुगीजांनी १८४२ साली वैद्यकीय शाळा काढली, तिथे औषधं बनवण्याचंही शिक्षण मिळे. पण ब्रिटिश मुलखात पदवीचं शिक्षण यायला बराच काळ जावा लागला. बाजारात भेसळीची आणि कमअस्सल औषधं फार झाली, तेव्हा सरकारने १९३० साली कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. तिचा अहवाल १९३१ सालचा. औषधांवर कायद्याने नियंत्रण हवं आणि ती हाताळणारी माणसं शिकलेली हवीत, हा त्याचा गाभा. पुढच्याच वर्षी, १९३२ साली, बनारस हिंदू विद्यापीठात प्राध्यापक महादेव लाल श्रॉफ यांनी हा अभ्यासक्रम सुरू केला. मला गंमत वाटली ती ही, की श्रॉफ मूळचे रसायनशास्त्राचे. ज्यांना आपण भारतातल्या फार्मसी शिक्षणाचे जनक म्हणतो, त्यांनाही हा विषय आधी स्वतः उभा करावा लागला. १९४० साली औषधांचा कायदा आला, १९४५ साली त्याचे नियम आले, आणि १९४८ साली फार्मसी कायदा.

आता या १९४८ च्या कायद्यातलं एकतिसावं कलम बघा. पहिलं रजिस्टर तयार करताना कोणाची नावं घ्यायची, ते त्यात आहे. फार्मसीची पदवी किंवा पदविका असलेले घ्यायचे, हे उघड आहे. दुसऱ्या विषयाची पदवी आणि तीन वर्षं औषधं बनवण्याचं काम केलेले घ्यायचे. कंपाउंडरची मान्य परीक्षा पास झालेले घ्यायचे. आणि शेवटी, ज्यांच्याकडे यातलं काहीच नाही, पण ज्यांनी दवाखान्यात किंवा चिठ्ठीवर औषधं मिळतात अशा ठिकाणी एकूण पाच वर्षं हे काम केलं आहे, तेही घ्यायचे.

आजोबा आत आले ते या शेवटच्या दाराने!

कायदा करणाऱ्यांचा विचार समजण्यासारखा आहे. शिकलेली माणसं मूठभर, आणि देशभर दवाखाने चालवणारे हे कंपाउंडर. उद्यापासून तुम्ही नालायक, असं त्यांना सांगितलं असतं तर गावोगावची औषधाची खिडकीच बंद झाली असती. म्हणून जे होते त्यांना सामावून घेतलं. पण दार कायमचं उघडं ठेवलं नाही. राज्यात शिक्षणाचे नियम लागू झाले की पुढे मान्य परीक्षा पास झालेल्यांचीच नोंद करायची, असं कायद्यात पुढे आहेच.

नंतर हे दार एकदोनदा किलकिलं झालं. १९५९ च्या दुरुस्तीने फाळणीत तिकडून उखडून आलेल्यांची सोय केली. ४ मार्च १९४८ च्या आधीपासून ज्यांचं पोट याच धंद्यावर होतं आणि जे पहिल्या रजिस्टरच्या अटींत बसत होते, त्यांना नोंदणीची संधी दिली. पिंपरी कॅम्प ज्यांनी पाहिला आहे त्यांना या कलमाचं मोल वेगळं सांगायला नको. सिंधमधून नेसत्या वस्त्रानिशी आलेल्या माणसाकडे दाखले कुठले? आणि दुसरी सोय औषधांच्या नियमांत होती. परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याने अनुभवावरून लायक ठरवलेली माणसं दुकानात चालत. पण ही मान्यता ३१ डिसेंबर १९६९ पर्यंत मिळालेली असली तरच. त्या तारखेनंतर नुसत्या काउंटरवरच्या अनुभवाला तिथेही किंमत उरली नाही.

म्हणजे माझ्या विद्यार्थिनीचा जन्म होण्याच्या दहाबारा वर्षं आधीच ते दार बंद झालं होतं. माझ्या अर्जाला आधार नव्हता. तरी मला वाटत होतं की द्यावाच. कायदे काय, माणसांनीच केलेले असतात.

याच दिवसांत तिचा अभ्यास चालू होता. डी. फार्म. दोन वर्षांचं. औषधनिर्माण, औषधी रसायन, शरीररचना, वनौषधी... आणि पुस्तकं सगळी इंग्रजीत. मराठी माध्यमातली मुलगी, त्यात वीस वर्षांची अभ्यासाची सवय तुटलेली. रात्री दुकान बंद करून, मुलांचं जेवणखाण उरकून अकराला पुस्तक उघडायची. मला फोन करून शब्द विचारायची. मी बी. ए. मराठीवाली, मला तरी काय कळणार! पण आम्ही दोघी मिळून डिक्शनरी बघायचो. "बाई, ॲब्सॉर्प्शन म्हणजे?" "शोषण." "गरिबांचं होतं ते?" "ते निराळं गं. हे आतड्यातलं!" अशी आमची शिकवणी.

दुसऱ्या वर्षाला असताना एका रात्री फोन आला. आवाज उतरलेला. "बाई, तो अर्ज देऊ नका." मी विचारलं, का? ती म्हणाली, "आज सिप्रोफ्लॉक्सासिन वाचलं. ते दुधाबरोबर घ्यायचं नसतं. दुधातल्या कॅल्शियममुळे औषध नीट शोषलंच जात नाही. आणि बाई, मी पंधरा वर्षं बायकांना सांगत आले, गोळी गरम पडते, दुधाबरोबर द्या. ह्यांचं लक्ष नसताना, आपलं प्रेमाने सांगायचे."

मला काय बोलावं सुचेना. तिला कोणी तसं सांग म्हणून सांगितलं नव्हतं. सासूकडून ऐकलेलं, तेच पुढे गेलं. पंधरा वर्षांत तिने ही गोष्ट हजार वेळा केली असेल, आणि हजार वेळा केल्यामुळेच ती तिला बरोबर वाटत होती.

त्या रात्री मला आजोबांचं सर्टिफिकेट निराळं दिसायला लागलं. आजोबांच्या आणि हिच्या मध्ये काय बदललं? तर औषधच बदललं. आणि ते बदललं आपल्या पिंपरीत.

पेनिसिलिनची एक आठवण पुण्याची आहे. फेब्रुवारी १९४४ मध्ये आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा अत्यवस्थ होत्या. देवदास गांधींनी खटपट करून विमानाने पेनिसिलिन आणवलं. पण ते दर काही तासांनी टोचावं लागतं हे कळल्यावर गांधीजींनी नको म्हटलं. २२ फेब्रुवारीला बा गेल्या. तेव्हा हे औषध इतकं दुर्मिळ होतं. त्यानंतर दहाच वर्षांनी, १९५४ साली, पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची मदत होती, आणि १९५५ साली तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागलं. आपल्याकडे सगळे तिला 'एच. ए. कंपनी' म्हणत. तिथल्या शास्त्रज्ञांनी अभ्यासलेल्या एका सूक्ष्मजीवाला तर स्ट्रेप्टोमायसेस पिंप्रिना असं नाव आहे. आपल्या पिंपरीचं नाव असं थेट शास्त्रात गेलं! माझ्या विद्यार्थिनीचे सासरे याच कंपनीत पॅकिंगला होते. बाप मिक्स्चर घोटणारा आणि मुलगा सीलबंद कुप्या खोक्यात भरणारा, एका पिढीत एवढा फरक.

कुपी आली आणि हळूहळू खल गेला. औषध कारखान्यातून मोजूनमापून तयार यायला लागलं. कंपाउंडरच्या हाताला काम उरलं नाही. पण औषध जास्त जोरकस झालं, त्याचे धोकेही वाढले. कशाबरोबर घ्यायचं, कशाबरोबर नाही, कोणाला चालत नाही, किती दिवस, मध्येच सोडलं तर काय होतं, हे सगळं सांगणारा माणूस आता खिडकीत हवा होता. आजोबांचं काम हाताचं होतं, ते पाच वर्षं केल्याने येत होतं. हिचं काम माहितीचं आहे, आणि ते नुसतं उभं राहून येत नाही. कायद्याने दार बंद केलं ते मला आधी अन्याय वाटलं होतं. आता तसं म्हणवत नाही. अर्ज मी फाडून टाकला.

पण माझी एक तक्रार शिल्लक आहेच. अनुभवाला परीक्षेची जागा देऊ नये, हे मान्य. पण मोठ्या वयात शिकायला येणाऱ्याला वर्गात जागा मोकळ्या मनाने द्यावी की नाही? आपल्या पुण्यात हे नवीन नाही. रमाबाई रानड्यांनी १९०९ साली सुरू केलेल्या पुणे सेवासदनात विधवा आणि मोठ्या वयाच्या बायका शिकल्या, ससूनमध्ये नर्सिंगचं शिक्षण घेऊन पायावर उभ्या राहिल्या. त्यांची वयं आणि घरची ओझी धरूनच ते वर्ग आखलेले होते. आजचा वर्ग मात्र सकाळी दहा ते पाच, अठरा वर्षांच्या पोरांसाठी आखलेला. दुकान आणि दोन मुलं सांभाळणारी बाई त्यात बसते ती स्वतःच्या जिवावर.

असो. ती आता एका हॉस्पिटलच्या औषध विभागात जाते आहे. कमीत कमी तीन महिन्यांत पाचशे तास, त्यातले निदान अडीचशे तास चिठ्ठी बघून प्रत्यक्ष औषध देण्याचे. जे पंधरा वर्षं केलं तेच पुन्हा पहिल्यापासून. मी विचारलं, कंटाळा नाही येत? म्हणाली, "नाही बाई. आता प्रत्येक चिठ्ठी हातात घेताना जरा भीती वाटते. आधी वाटायची नाही."

नोंदणी झाली की तिचं सर्टिफिकेट आजोबांच्या शेजारी लागणार आहे. खिळा मारून ठेवला आहे म्हणे. मला चहाचं आमंत्रण आहे, जाऊन आले की सांगेनच.