बदलत्या विंडोज आणि मराठी अक्षरजुळणी

मराठी मुद्रणाच्या इतिहासात शिळाछाप, खिळ्यांची जुळणी आणि ऑफसेट या टप्प्यांविषयी बरेच लेखन झाले आहे. परंतु १९९०च्या दशकाच्या आरंभापासून सुमारे दोन दशके मराठी पुस्तके, दिवाळी अंक, लग्नपत्रिका आणि कार्यालयीन परिपत्रके ज्या संगणकीय साधनांवर तयार झाली, त्या साधनांकडे त्या मानाने कमी लक्ष गेले. या साधनांचा इतिहास हा बऱ्याच अंशी एका अडचणीचा इतिहास आहे. संगणकाची कार्यप्रणाली, म्हणजे कळफलक, पडदा, छपाईयंत्र आणि त्यांवर चालणारे प्रोग्राम यांचा मेळ घालणारी मूळ व्यवस्था, बदलली की जुने मराठी सॉफ्टवेअर नव्या यंत्रावर इन्स्टॉल होत नसे, आणि झालेच तर पूर्वीप्रमाणे चालत नसे. असा अनुभव जगभर येत असला, तरी मराठी डीटीपीच्या, म्हणजे साध्या संगणकावर पानाची संपूर्ण जुळणी करण्याच्या धंद्याला त्याचा फटका अधिक बसला. ज्या काळात विंडोजला देवनागरी येत नव्हती, त्या काळात देवनागरीचे सारे काम या सॉफ्टवेअरने विंडोजच्या आत शिरून केले होते, आणि ज्या वाटांनी ते आत शिरले होते त्या वाटा पुढच्या आवृत्त्यांनी एकेक करून बंद केल्या.

आरंभ विंडोजच्याही आधीचा आहे. १९८०च्या दशकात आयआयटी कानपूर येथे आर. एम. के. सिन्हा यांच्या मार्गदर्शनाखाली भारतीय लिप्यांसाठी संगणकीय टर्मिनल घडवण्याचे काम झाले आणि त्यात मोहन तांबे यांचा वाटा मोठा होता. १९८८ साली पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, स्थापन झाल्यावर हे काम तेथे आले आणि ‘जिस्ट’ या नावाने वाढले. जिस्ट कार्ड ही संगणकाच्या मुख्य पटलावरील खाचेत बसवायची इलेक्ट्रॉनिक पट्टी होती; ती बसवली की डॉस या तत्कालीन कार्यप्रणालीवरचे, मुळात इंग्रजीसाठी लिहिलेले प्रोग्रामही पडद्यावर देवनागरी दाखवू लागत. मजकूर साठवण्यासाठी ‘इस्की’ हा संकेत ठरवण्यात आला आणि भारतीय मानक ब्यूरोने तो १९९१ साली आयएस १३१९४ या क्रमांकाने मान्य केला. इस्कीचे तत्त्व दूरदर्शी होते. त्यात अक्षराचे रूप न साठवता वर्णांचा क्रम साठवला जाई, म्हणजे ‘स्त्री’ हा शब्द स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी अशा क्रमाने नोंदला जाई आणि जोडाक्षर घडवण्याचे काम दाखवणाऱ्या यंत्रणेकडे राही. हेच तत्त्व पुढे युनिकोड या जागतिक संकेताने स्वीकारले आणि त्यातील देवनागरीचा तक्ताही इस्कीच्याच १९८८च्या आवृत्तीवर बेतलेला आहे. जिस्ट कार्ड मात्र टिकले नाही, कारण शतकाच्या अखेरीस नव्या संगणकांतून ती जुनी खाचच नाहीशी झाली.

दरम्यान छपाईच्या धंद्याने वेगळी वाट धरली होती. १९९२ सालच्या विंडोज ३.१ने ट्रूटाइप फॉन्ट आणले, म्हणजे अक्षराची बाह्यरेषा गणिती रूपात साठवून ते कोणत्याही आकारात पडद्यावर व कागदावर सारखेच उमटवण्याची सोय आणली. आणि पानाच्या मांडणीसाठी पेजमेकर हा प्रोग्राम हाताशी होताच. आल्डस कंपनीने १९८५ साली मॅकिंटॉशसाठी काढलेला हा प्रोग्राम १९८७ साली विंडोजवर आला, १९९४ साली आल्डस अॅडोबीत विलीन झाली, आणि महाराष्ट्रात तालुक्याच्या गावापर्यंत डीटीपी म्हणजे पेजमेकर असे समीकरण रूढ झाले. पेजमेकरला देवनागरीचे काहीच ज्ञान नव्हते. त्याच्या दृष्टीने मजकूर म्हणजे २५६ संकेतांपैकी एकेक संकेत, आणि फॉन्ट म्हणजे त्या प्रत्येक संकेतासाठी काढायचे चित्र. तेव्हा पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी, बंगळूरच्या सायबरस्केपची आकृती आणि सी-डॅकची आयएसएम व लीप यांनी देवनागरीचे तुकडे करून ते इंग्रजी अक्षरांच्या आणि विशेष चिन्हांच्या जागी बसवले. अर्धी अक्षरे, निवडक जोडाक्षरे, कमी-अधिक रुंदीच्या वेलांट्या, रफार आणि अनुस्वार एकत्र असलेली चिन्हे, हे सारे त्या मर्यादित जागांत कोंबावे लागे, आणि प्रत्येक छापखान्याने खिळ्यांच्या केसमधली घरे आपापल्या सोयीने लावावीत तसा प्रत्येक कंपनीचा क्रम निराळा होता. त्यामुळे फाइलमध्ये साठवला जाई तो मजकूर मराठी नसे. तो विशिष्ट फॉन्ट हजर असेल तोवरच मराठी दिसणारा इंग्रजी चिन्हांचा समूह असे. सी-डॅकने आपल्या फॉन्टांसाठी ‘इस्फॉक’ हा संकेत आखला होता. परंतु बाजाराने एकच संकेत मानला नाही, आणि हा दोष त्या पिढीच्या साऱ्या कामाला पुढे भोवला.

फॉन्टपेक्षाही नाजूक होता तो कळफलकाचा भाग. ऑपरेटर गोदरेज किंवा रेमिंग्टन टंकलेखनयंत्राची, ध्वनीवर आधारलेली किंवा शासनमान्य इन्स्क्रिप्ट अशी आपल्या सवयीची मांडणी निवडून टंकन करी. पार्श्वभूमीला चालणारा छोटा प्रोग्राम प्रत्येक कळ वाटेतच अडवी, तिच्या जागी एक किंवा अनेक संकेत पुढे पाठवी, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी नेई, रफार पुढच्या अक्षरावर चढवी, आणि समोरच्या पेजमेकरला यातले काहीच कळत नसे. वास्तविक हे काम कार्यप्रणालीचे होते. ते बाहेरच्या प्रोग्रामने करावे लागल्यामुळे कळ दाबण्यापासून अक्षर उमटण्यापर्यंतच्या विंडोजच्या अंतर्गत व्यवहारात त्याला हात घालावा लागला. त्यातच लॉकची भर पडली. डीटीपीच्या धंद्यात लॉक म्हणजे चोरटी नक्कल रोखण्यासाठी संगणकाच्या मागे, बहुधा प्रिंटरच्या जागेत, लावायचा लहान डोंगल. तो जागेवर नसेल तर सॉफ्टवेअर सुरूच होत नसे.

पहिला मोठा धक्का विंडोज २००० आणि २००१ सालच्या विंडोज एक्सपीने दिला. विंडोज ९५ आणि ९८ यांत कोणताही प्रोग्राम प्रिंटरच्या जोडणीशी थेट बोलू शकत असे. एनटी या वेगळ्या पायावर उभ्या असलेल्या नव्या घराण्यात तशी मुभा नव्हती, त्यासाठी ड्रायव्हर, म्हणजे उपकरण आणि कार्यप्रणाली यांच्यातला अधिकृत मध्यस्थ प्रोग्राम, आवश्यक ठरला. त्यामुळे लॉक लावलेला असूनही तो न सापडल्याचा संदेश येऊ लागला. शिवाय एनटी घराणे मजकूर आतल्या आत युनिकोडमध्ये हाताळत असल्याने जुन्या फॉन्टांतील संकेत आधी पाश्चात्त्य युरोपीय तक्त्यातून पार होत. त्या तक्त्यातील काही जागा पूर्वी रिकाम्या होत्या आणि विंडोज ९८च्या सुमारास त्यांतल्या एकीवर युरो चलनाचे चिन्ह आले. अशा जागी मराठी अक्षराचा तुकडा ठेवलेला असेल, तर तो गळण्याचा किंवा त्याऐवजी चौकोन उमटण्याचा धोका असे. वर्डसारख्या प्रोग्रामांनी यात आणखी भर घातली: वाक्याचे पहिले इंग्रजी अक्षर आपोआप मोठे करण्याची त्यांची सोय मराठी फॉन्टमध्ये एका अक्षराचे दुसरेच अक्षर करून टाकी. मजकूर बिघडला की धंद्यातले लोक ‘फॉन्ट उडाला’ म्हणत, आणि कारण हुडकण्याऐवजी जुना संगणक पुन्हा चालू करणे त्यांना अधिक सोयीचे वाटे.

दुसरा धक्का अधिक निर्णायक होता. २००७ सालची व्हिस्टा आणि २००९ सालची विंडोज ७ यांच्याबरोबर ६४-बिट संगणक सर्वसामान्य झाले. बिटांची संख्या म्हणजे प्रोसेसर एका वेळी हाताळतो त्या माहितीच्या रुंदीचे माप. ६४-बिट विंडोजवर ३२-बिट प्रोग्राम चालतात, पण १६-बिट प्रोग्राम चालत नाहीत. १९९०च्या दशकातील अनेक प्रोग्राम स्वतः ३२-बिट असले, तरी त्यांना संगणकावर उतरवणारा सेटअप मात्र १६-बिट असे, कारण तो विंडोज ३.१वरही चालावा अशी तेव्हा अपेक्षा होती. परिणामी जो प्रोग्राम एकदा आत गेला असता तर कदाचित चालला असता, तो दारातच अडे. ६४-बिट विंडोज ६४-बिटच आणि अंकीय स्वाक्षरी असलेले ड्रायव्हर मागत असल्याने लॉकचा जुना ड्रायव्हर निकामी ठरला. प्रोग्राम फाइल्स या फोल्डरमध्ये परवानगीवाचून लिहिण्यास बंदी आल्याने आपल्या शब्दसूची व मांडण्या तेथेच साठवणारे प्रोग्राम गोंधळले. कळ अडवण्याची जुनी युक्तीही अर्धी निकामी झाली, कारण ३२-बिट प्रोग्रामचा तो भाग ६४-बिट प्रोग्रामच्या आत शिरू शकत नाही.

विंडोज २०००पासून विंडोजला स्वतःच देवनागरी येत होती आणि र. कृ. जोशी यांनी रेखलेला ‘मंगल’ हा युनिकोड फॉन्ट तिच्यासोबत मिळत होता, तरी धंद्याने जुने साधन का सोडले नाही, असा प्रश्न येथे उभा राहतो. ऑपरेटरांच्या आळसाकडे किंवा अज्ञानाकडे बोट दाखवणारे स्पष्टीकरण पुष्कळदा दिले जाते. ते अन्यायाचे आहे. युनिकोड मजकुरातून जोडाक्षर घडवण्यासाठी पानाची मांडणी करणाऱ्या प्रोग्रामलाही ती विद्या अवगत असावी लागते, आणि पेजमेकरला ती कधीच आली नाही. त्याची २००१ सालची ७.० ही आवृत्ती शेवटची ठरली. त्याची जागा घेणाऱ्या इनडिझाइनमध्येही भारतीय लिप्यांची जुळणी सर्वसाधारण वापरकर्त्याच्या आवाक्यात आली ती २०१२ सालच्या सीएस६ आवृत्तीत. म्हणजे कार्यप्रणालीला मराठी आल्यानंतरही सुमारे बारा वर्षे छपाईच्या प्रोग्रामला ती येत नव्हती. या काळात युनिकोडमध्ये लिहिलेला मजकूर छपाईसाठी पुन्हा श्री-लिपी किंवा आकृतीच्या संकेतात उतरवावा लागे. २००९ साली केंद्र शासनाने ई-प्रशासनासाठी युनिकोड हे मानक ठरवले, मराठी विकिपीडिया २००३पासून युनिकोडमध्येच वाढत होता, पण पुस्तक आणि अंक मात्र जुन्याच संकेतात छापले जात राहिले. ऑपरेटरने उपलब्ध साधनांपैकी चालणारे साधन निवडले होते, आणि एका पानामागे मिळणाऱ्या मजुरीत त्याला दर तीन-चार वर्षांनी नवे सॉफ्टवेअर परवडणारेही नव्हते.

त्यामुळे तडजोडी रुळल्या. विंडोज ७च्या व्यावसायिक आवृत्तीत मायक्रोसॉफ्टने एक्सपी मोड दिला होता, म्हणजे नव्या संगणकाच्या आत एक्सपीचा एक आभासी संगणक चालवण्याची सोय. व्हर्च्युअलबॉक्ससारख्या मोफत प्रोग्रामांनी तेच काम अन्यत्र केले. लॉक नसलेल्या सॉफ्टवेअरसाठी हा मार्ग आजही सर्वांत भरवशाचा आहे. अनेकांनी मात्र एक्सपीचा जुना संगणकच इंटरनेटपासून तोडून जपून ठेवला. ८ एप्रिल २०१४ रोजी एक्सपीला मिळणारी सुरक्षा-दुरुस्ती थांबली, तरी असे संगणक चालूच राहिले. सॉफ्टवेअर कंपन्यांनी युनिकोड जाणणाऱ्या नव्या आवृत्त्या काढल्या आणि जुन्या संकेतातून युनिकोडमध्ये नेणारे परिवर्तकही आले. पण परिवर्तनात मराठीची खास स्थळे दगा देतात. रफार आपल्या अक्षराच्या आधी न जाता भलत्या ठिकाणी उतरतो, ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांतला भेद पुसला जातो, वेलांटी एका जोडाक्षरावरून शेजारच्यावर सरकते. असा मजकूर वरवर शुद्ध दिसतो आणि शोधात सापडत नाही. त्याचे मुद्रितशोधन मूळ पुस्तक हाती धरूनच करावे लागते.

इनडिझाइन सीएस६ या एकाच आवृत्तीत दोन काळ भेटतात: तिला युनिकोड मराठी जुळवता येते आणि पेजमेकर ६ व ७ यांच्या फाइलीही उघडता येतात. २०१३ साली आलेल्या पुढच्या आवृत्तीतून पेजमेकरच्या फाइली उघडण्याची सोय काढून टाकण्यात आली. जानेवारी २०२३पासून अॅडोबीने टाइप १ या जुन्या पोस्टस्क्रिप्ट फॉन्टांचा आधारही थांबवला. विंडोज ११ केवळ ६४-बिट रूपात मिळते. १६-बिट प्रोग्राम चालवू शकणारी शेवटची विंडोज म्हणजे विंडोज १०ची ३२-बिट आवृत्ती, आणि विंडोज १०ची सर्वसाधारण सुरक्षा-सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. प्रकाशक, दिवाळी अंकांचे संपादक, ग्रंथालये आणि जुने डीटीपी व्यावसायिक यांच्याकडच्या सीडी आणि हार्ड डिस्कवर त्या दोन दशकांचे मराठी अजून आहे. ज्यांच्याकडे चालू स्थितीतला जुना संगणक, त्याचा लॉक आणि मूळ फॉन्ट आहेत, त्यांनी प्रत्येक पुस्तकाची फॉन्ट अंतर्भूत केलेली पीडीएफ आणि तपासलेली युनिकोड प्रत आताच करून घ्यावी, आणि मूळ फाइल फॉन्टसह जपून ठेवावी.